संगणकाच्या देवडीवर

घरांतील संगणक सुरू केला म्हणजे कांहीं क्षणांनीं पडद्यावर एक चौकट येते. तींत घरांतील माणसांचीं नांवें असतात. एखाद्या नांवावर टिचकी मारली कीं परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, मागितला जातो, आणि तो बरोबर असला तर ज्याचीं त्याचीं कागदपत्रें, छायाचित्रें व पत्रव्यवहार त्याच्यापुढें उघडे होतात. हा सारा व्यवहार थोड्या सेकंदांचा. त्यामुळें ही चौकट दाखविणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम यंत्रांत असतो, त्याला स्वतःचा इतिहास आहे आणि स्वतःचीं दुखणींही आहेत, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. येते ती अडचणीच्या वेळीं. एके दिवशीं चौकट येतच नाहीं. किंवा येते, पण बिनचूक परवलीचा शब्द दिल्यावरही पडदा क्षणभर लवतो आणि पुन्हां तीच चौकट समोर येऊन उभी राहते. घरांत धांवपळ होते. मुलांचीं लहानपणचीं छायाचित्रें गेलीं, हिशेब गेले, अशी सर्वांची समजूत होते. मग कोणी जाणता म्हणविणारा गृहस्थ सल्ला देतो कीं डिस्क पुसून टाकावी आणि सर्व कांहीं नव्यानें भरावें. रांजणांत अडकलेलें वासराचें तोंड सोडविण्यासाठीं त्याची मान कापा म्हणून सांगणारा उंटावरचा शहाणा तो हाच. त्याच्या सल्ल्यानें चौकट पुन्हां दिसूं लागते हें खरें. परंतु जीं छायाचित्रें तोंपर्यंत डिस्कवर सुरक्षित होतीं, तीं त्या सल्ल्यामुळेंच नाहींशीं होतात.

लिनक्सच्या कुळांतील यंत्रव्यवस्थांवर, म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट इत्यादि नांवांनीं घरोघर येणाऱ्या व्यवस्थांवर, ही चौकट कशी चालते आणि कोठें अडते, तें या भाषणांत पाहावयाचें आहे. विंडोजमध्येंही असा पहारा असतो. पण तेथें तो मूळ व्यवस्थेशीं जखडलेला, आणि घरच्या माणसाला त्यांत हात घालण्यास फारसा वाव नाहीं. लिनक्समध्यें पहारेकरी बदलतां येतो, त्याला हुकूम देतां येतात, आणि म्हणूनच त्याची नाडीही पाहतां येते.

पुण्याच्या जुन्या वाड्यांना देवडी असे. देवडीवरचा पहारेकरी येणाऱ्याला नांव विचारी, ओळख पटवी आणि चौकांत सोडी. तो वाड्याचा मालक नसे. तिजोरीची किल्लीही त्याच्या कमरेला नसे. पहारेकरी तापानें फणफणला म्हणून आंतली तिजोरी रिकामी झाली असें कोणी म्हटलें नसतें. शिवाय मोठ्या दरवाजांत एक लहानशी दिंडी असे. दरवाजा बंद असला तरी तींतून वाकून आंत जातां येई. संगणकाच्या देवडीलाही अशी दिंडी आहे. तिचा विचार पुढें येईल.

या पहारेकऱ्याचें शास्त्रोक्त नांव डिस्प्ले मॅनेजर. लॉगिन मॅनेजर हें त्याचेंच दुसरें नांव, आणि अर्थाच्या दृष्टीनें तेंच अधिक सरळ. 'डिस्प्ले' हा शब्द कां चिकटला हें कळण्यास थोडें मागें जावें लागतें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९८४ सालीं एक्स विंडो सिस्टिम ही चित्रमय पडद्याची व्यवस्था जन्मास आली. आरंभीं माणूस काळ्या पडद्यावर अक्षरांनींच आपलें नांव देई आणि मग आज्ञा देऊन चित्रमय पडदा सुरू करी. पुढें असे पडदे निघाले कीं ज्यांना स्वतःची डिस्कही नव्हती. ते केवळ एक पडदा आणि कळफलक, आणि खरें काम दूरच्या एका मोठ्या यंत्रावर होई. तेव्हां त्या मोठ्या यंत्रावर बसून अनेक पडद्यांवर चौकटी मांडणारा आणि त्यांची देखरेख करणारा कोणी तरी हवा होता. १९८८ सालीं एक्सच्या अकराव्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनाबरोबर कीथ पॅकार्ड याचा एक्सडीएम हा प्रोग्रॅम आला, तो याच कामासाठीं. पडद्यांची व्यवस्था पाहतो म्हणून तो डिस्प्ले मॅनेजर. पुढें पडदा आणि यंत्र एकाच टेबलावर आले, अनेक पडद्यांचें काम मागें पडलें, नांव मात्र राहिलें.

त्यानंतरची वंशावळ थोडक्यांत अशी. केडीई आणि ग्नोम या दोन चित्रमय व्यवस्थांनीं आपापले पहारेकरी केले, केडीएम आणि जीडीएम. २०१० सालीं रॉबर्ट अँसेल यानें लाइटडीएम आणला, आणि उबुंटूनें २०११ च्या ऑक्टोबरपासून तो वापरला. २०१३ सालीं एसडीडीएम आला व केडीईच्या नव्या व्यवस्थेनें त्याचा स्वीकार केला. उबुंटू २०१७ च्या ऑक्टोबरांत लाइटडीएम सोडून जीडीएमकडे वळलें. मिंटमध्यें लाइटडीएमच असतो. घरच्या यंत्रावर यांपैकीं कोण आहे हें ठाऊक असणें फार उपयोगाचें. कारण प्रत्येकाचीं हुकूमपत्रें निराळ्या ठिकाणीं असतात, आणि एकाचें औषध दुसऱ्याला दिलें तर गुण येत नाहीं.

पहारेकऱ्याचें काम तीन पायऱ्यांचें आहे. पहिल्या पायरीवर तो पडदा ताब्यांत घेतो आणि चौकट दाखवितो. हें दाखविण्याचें काम बहुधा ग्रीटर नांवाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे असतें, आणि त्याला मुद्दाम फार थोडे अधिकार दिलेले असतात; दारांत उभा राहून नमस्कार करणाऱ्या माणसाच्या हातीं किल्ल्या नसाव्यात हा त्यामागचा शहाणपणा. दुसऱ्या पायरीवर ओळख पटविणें. येथें एक मौजेची गोष्ट आहे. परवलीचा शब्द बरोबर कीं चूक याचा निर्णय पहारेकरी स्वतः देत नाहीं. तो 'पॅम' नांवाच्या निराळ्या व्यवस्थेला विचारतो. ही व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत निघाली आणि १९९५ सालीं ती सर्वांपुढें मांडण्यांत आली. अक्षरांच्या काळ्या पडद्यावरचा प्रवेश, कुलूप लावलेला पडदा उघडणें, चौकटींतून आंत जाणें, हीं सर्व कामें पॅमलाच विचारून होतात. खुद्द परवलीचा शब्द यंत्रांत लिहून ठेवलेला नसतो. त्याच्यापासून गणितानें काढलेली एक खूण तेवढी 'शॅडो' नांवाच्या फायलींत असते, आणि दिलेल्या शब्दापासून तशीच खूण निघते कीं नाहीं एवढेंच ताडून पाहिलें जातें. तिसऱ्या पायरीवर पहारेकरी त्या माणसाचें सत्र सुरू करतो, म्हणजे त्याचें टेबल मांडून देतो, आणि स्वतः मागें सरतो.

चौकट अडली म्हणजे या तीनपैकीं कोणती पायरी निसटली हें आधीं ठरवावें. लोक तसें करीत नाहींत. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशी बहुतेकांची स्थिति होते. सत्र कोसळलेलें असतें आणि घरचे लोक परवलीचा शब्द बदलीत बसतात. कळफलक बदललेला असतो आणि दुकानदार नवा पडदा विकतो.

पहिली पायरी निसटल्याची खूण म्हणजे काळा पडदा. चौकटच नाहीं, फार तर एका कोपऱ्यांत लुकलुकणारी आडवी रेघ. यंत्र मेलें असें पाहणाऱ्यास वाटतें. येथें ती दिंडी उपयोगी पडते. कंट्रोल आणि आल्ट या दोन कळा दाबून धरून तिसऱ्या क्रमांकाची एफ कळ दाबली कीं बहुधा अक्षरांचा साधा पडदा येतो आणि नांव विचारतो. कांहीं लॅपटॉपांवर त्याबरोबर 'एफ-एन' ही कळही दाबावी लागते. तेथें नांव आणि परवलीचा शब्द देऊन आंत जातां आलें, म्हणजे यंत्र जिवंत आहे, माणसाची ओळख शाबूत आहे आणि फायली जागच्या जागीं आहेत, हें एका मिनिटांत सिद्ध होतें. घरांतली धांवपळ तेथेंच थांबावी. दोष मग बहुधा चित्रें काढणाऱ्या भागाशीं बोलणाऱ्या ड्रायव्हरचा निघतो. विशेषतः एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर वापरणाऱ्यांना हा अनुभव मूळ व्यवस्थेचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आल्यानंतर येतो. नव्या गाभ्यासाठीं तो ड्रायव्हर पुन्हां बांधला गेला नसेल तर पडदा उघडत नाहीं. यंत्र सुरू होतांना येणाऱ्या यादींतून जुना गाभा निवडला तर चौकट पूर्ववत् येते, आणि रोग कोठें आहे तेंही त्याबरोबर कळतें.

दुसऱ्या पायरीची खूण उघड असते. परवलीचा शब्द चुकला, असें चौकट सांगते. येथें बहुतेक वेळां माणूस चुकलेला असतो किंवा मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबली गेलेली असते. परंतु मराठी घरांत या पायरीवर एक खास फसगत होते आणि ती सांगण्यासारखी आहे. मराठी लिहिण्यासाठीं कळफलकाची देवनागरी मांडणी यंत्रांत घातलेली असते, आणि ती कधीं कधीं सर्व यंत्रासाठीं पहिली म्हणून नोंदली जाते. चौकट सुरू होते ती या सर्वसाधारण नोंदीप्रमाणें, माणसाच्या खाजगी पसंतीप्रमाणें नव्हे. कारण आंत कोण येणार हें तिला अजून ठाऊक नसतें. इनस्क्रिप्ट मांडणींत रोमन 'एच'च्या कळेवर 'प' आणि 'जे'च्या कळेवर 'र' असतो. माणूस बोटांच्या सवयीनें इंग्रजी शब्द टंकतो, यंत्राकडे देवनागरी अक्षरें जातात, आणि पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्यामुळें हा घोटाळा कोणाच्याच डोळ्यांस दिसत नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रकार येथें नेहमीं घडतो. परवलीचा शब्द निर्दोष असतां तो बदलण्याची खटपट सुरू होते. उपाय अगदीं साधा आहे. चौकटीच्या कोपऱ्यांत मांडणीची खूण असली तर ती बदलावी. खूण नसली तर नांव लिहावयाच्या रकान्यांत एखादें अक्षर टंकून पाहावें. तेथें अक्षरें उघड दिसतात. मात्र त्या रकान्यांत परवलीचा शब्द लिहूं नये. चुकीचीं नांवें यंत्राच्या नोंदवहींत उतरूं शकतात.

तिसऱ्या पायरीचें दुखणें सर्वांत छळणारें, आणि घरोघर जास्तींत जास्त गैरसमज याच दुखण्यानें होतात. परवलीचा शब्द दिला, चूक झाली असें यंत्र म्हणत नाहीं, पडदा लवतो, आणि चौकट परत येते. दहा वेळां द्या, दहा वेळां परत. चूक झाल्याचा निरोप आलेला नाहीं, हीच येथें लक्षांत घेण्याची गोष्ट. पहारेकऱ्यानें ओळख पटवून माणसाला आंत सोडलें होतें. आंतलें सत्र उभें राहतांच कोसळलें, आणि सत्र संपलें कीं चौकट पुन्हां मांडावी हा त्याचा नित्य नेम असल्यामुळें त्यानें ती मांडली. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

सत्र कां कोसळतें याचीं कारणें मोजकीं आहेत. पहिलें कारण ऐकून हंसूं येईल: डिस्क भरलेली असते. सत्र सुरू होतांना कांहीं लहान फायली लिहाव्या लागतात. त्यांना जागा नसली कीं सत्र उभें राहत नाहीं. दिंडींतून आंत जाऊन 'डी' आणि 'एफ' हीं दोन रोमन अक्षरें टंकलीं तर कोणता कप्पा किती भरला याचा तक्ता येतो. शंभर टक्के असा आंकडा दिसला तर कचरापेटी आणि जुन्या उतरवून घेतलेल्या फायली काढून टाकाव्यात. अनेकदां तेवढ्यानें काम होतें. दुसरें कारण मालकीचें. प्रत्येकाच्या घर-फोल्डरांत 'एक्स-ऑथॉरिटी' नांवाची, बिंदूनें सुरू होणारी म्हणून एरवीं न दिसणारी, एक छोटी फाईल असूं शकते; चित्रमय पडदा वापरण्याचा परवानाच तो. कोणीं उत्साहाच्या भरांत एखादा चित्रमय प्रोग्रॅम मुख्य अधिकाऱ्याच्या, म्हणजे 'रूट'च्या, अधिकारानें चालविला तर कधीं कधीं या परवान्याची मालकी रूटकडे जाते, आणि मग घरच्या मालकाला स्वतःचा परवाना वाचतां येत नाहीं. त्या फायलीचें नांव बदलून ती बाजूला सारली म्हणजे पुढच्या प्रवेशाच्या वेळीं नवी तयार होते. तिसरें कारण 'प्रोफाइल' नांवाच्या फायलींतील चूक. कोणा जाणत्यानें सांगितलें म्हणून तींत एक ओळ घातलेली असते, तींत एखादें अक्षर चुकलेलें असतें, आणि सत्र त्या ओळीवर अडखळून पडतें.

यांपैकीं नेमकें कोणतें, हें ओळखण्याची एक परीक्षा आहे आणि ती फार चांगली आहे. दिंडींतून आंत जाऊन यंत्रावर एक नवें खातें उघडावें, आणि चौकटींतून त्या नव्या नांवानें आंत जाण्याचा प्रयत्न करावा. नवा माणूस सुखरूप आंत गेला तर दोष जुन्या माणसाच्या घर-फोल्डरांत आहे. तोही परत आला तर दोष सबंध यंत्राचा. या परीक्षेंत जुन्या फायलींपैकीं एकीलाही हात लागत नाहीं. पुढचा शोध नोंदवहींत घ्यावा. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेनें यंत्राची रोजनिशी वाचतां येते, आणि 'उणें बी' जोडलें तर फक्त या खेपेस यंत्र सुरू झाल्यापासूनची. लाइटडीएम व इतर कांहीं व्यवस्थांत घर-फोल्डरांतील 'एक्ससेशन-एरर्स' ही फाईलही पाहावी. शेवटच्या दहा-पंधरा ओळी बहुधा पुरतात.

इतकेंही करण्याचा धीर नसला तरी डिस्क पुसण्याचें कारण नाहीं. यूएसबी कांडीवरून लिनक्स सुरू करण्याची सोय असते. तशी सुरुवात करून आंतलीं छायाचित्रें व कागद आधीं दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावे. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर तिचा स्वतंत्र परवलीचा शब्द मात्र हाताशीं हवा. त्याला पर्याय नाहीं.

दोन पहारेकऱ्यांचीही एक गोष्ट आहे. उबुंटूवर कोणी हौसेनें केडीई आणतो, तिच्याबरोबर एसडीडीएम येतो, आणि यंत्र विचारतें कीं आतां देवडीवर कोण? एका वेळीं एकाचीच नेमणूक होते. डेबियन व उबुंटूमध्यें ती 'डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर' या एका ओळीच्या फायलींत नोंदलेली असते, आणि 'डीपीकेजी-रिकॉन्फिगर' या आज्ञेनें पुन्हां करतां येते. पुढें केडीईचा कंटाळा आला म्हणून तिच्यासह एसडीडीएमही उपटून टाकला आणि जुन्याची नेमणूक केली नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं देवडी ओस. काळा पडदा पाहून ड्रायव्हरवर संशय घेण्यापूर्वीं हें एकदां आठवावें.

हुकूमपत्रांत बदल करण्याआधीं मूळ फायलीची एक प्रत ठेवावी, हें सांगणें न लगे. सांगावयाचें तें दुसरेंच. बदल लगेच लागू व्हावा म्हणून पहारेकऱ्याला पुन्हां सुरू करण्याची आज्ञा अनेक पुस्तकांत दिलेली असते. ती दिल्याबरोबर चालू सत्र मोडतें आणि न साठविलेलें लिखाण जातें. एसडीडीएमची चौकट सजविण्यासाठीं मिळणाऱ्या तयार सजावटींबद्दलही सावध असावें. ती नुसतीं चित्रें नसून चालणारा प्रोग्रॅम असतो. अनोळखी ठिकाणची सजावट देवडींत आणून बसवूं नये.

पाहुण्यांसाठीं परवलीच्या शब्दावांचून प्रवेश, ही सोय उबुंटूच्या लाइटडीएममध्यें पुष्कळ वर्षें होती. पाहुणा आला, त्यानें आपलें काम केलें, गेला कीं त्याच्या खुणा पुसल्या गेल्या, कल्पना छानच. परंतु २०१६ च्या ऑक्टोबरांतील आवृत्तीपासून पाहुण्याला जखडून ठेवणारें कुंपण काम करीनासें झालें, आणि पाहुणा इतरांच्या फोल्डरांत डोकावूं शके. हें उघडकीस आल्यावर २०१७ च्या मे महिन्यांत ती सोयच मुळांत बंद करण्यांत आली. त्या काळीं उबुंटूंत एका माणसाचें घर-फोल्डर दुसऱ्यास वाचतां येईल अशीच रचना असे. २०२१ च्या एप्रिलमधील आवृत्तीपासून नवीं घर-फोल्डरें खाजगी झालीं. ज्या घरांत जुनी व्यवस्था वर्षानुवर्षें पुढें ओढीत आणली आहे, तेथें हे अधिकार एकदां तपासून पाहण्यासारखे आहेत.

राहिली ती चौकटच नको असणाऱ्यांची सोय. यंत्र सुरू होतांच एका ठराविक माणसाच्या नांवानें थेट आंत जावें, असा हुकूम तिन्ही पहारेकऱ्यांना देतां येतो. एकट्या वृद्ध माणसाच्या यंत्रावर, परवलीचा शब्द आठवणें हेंच जेथें संकट आहे, तेथें हा हुकूम रास्त म्हणतां येईल. चार माणसांच्या घरांत तो दिला तर प्रत्येक जण त्या एकाच्याच नांवानें वावरतो, आणि कोणाचें पत्र कोणीं पुसलें याचा पत्ता लागत नाहीं. शिवाय ग्नोमच्या यंत्रावर या सोयीनें पुरता आरामही मिळत नाहीं. त्या माणसाचे इतर सर्व परवलीचे शब्द एका जुडग्यांत कुलूपबंद ठेवलेले असतात, आणि तें कुलूप चौकटींत दिलेल्या शब्दानेंच आपोआप उघडत असतें. चौकट काढून टाकली कीं जुडगा मिटलेलाच राहतो. आणि त्यांतील एखादी किल्ली हवी असलेला ब्राउझर किंवा पत्रांचा प्रोग्रॅम उघडला, म्हणजे मध्येंच एक लहान खिडकी येऊन तोच परवलीचा शब्द मागूं लागते.